खंडू जेवत नाही

खंडूला राग आला की त्याची हनुवटी काळीठिक्कर पडते. एरवी तो फिकट पिवळा, जेजुरीच्या पायऱ्यांवर पाऊस पडून गेल्यावर उरणाऱ्या भंडाऱ्याच्या रंगाचा. म्हणून नाव खंडू. ते मी ठेवलं. नातवाच्या, ईशानच्या, मनात ‘स्पाइक’ होतं, पण त्याच्या आईनं माझी बाजू घेतली.

डोकं त्रिकोणी, अंग चपटं, नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत भरेल दीड फूट. गालांच्या कडेनं आणि दोन्ही कुशींवरून काट्यांच्या रांगा. लांबून पाहिलं तर हात लावायची छाती होत नाही, आणि लावला तर काटे बोटाखाली मऊ वाकतात. दरारा सगळा दाखवायचा. गळ्याखालची कातडी फुगवली की दाढी उभी राहते, त्यावरून त्याच्या जातीचं नाव बिअर्डेड ड्रॅगन. मी आपली सरडा म्हणते. ईशानला ते चालत नाही.

शिकागोजवळच्या नेपरविलला लेकीच्या घरी दिवाणखान्यात चार फुटी काचपेटी आहे, तिच्यात त्याचा संसार. बसून असणं हा मुख्य व्यवसाय. दिव्याखालच्या दगडावर पोट टेकवून, ऊन जास्त झालं की तोंड उघडं टाकून, तो तासन्‌तास बसतो. काचेत स्वतःचंच रूप दिसलं तर पुढचा एक पाय सावकाश उचलून हवेत गोल फिरवतो. पाहुण्यांना वाटतं, टाटा करतोय. त्या जमातीत त्याचा अर्थ ‘तू मोठा, मी लहान, भांडण नको’ असा आहे. झुरळ दिसलं मात्र की सगळं आळसटलेपण जातं. मान तिरकी होते, एक डोळा रोखला जातो, जाड चिकट जीभ बाहेर येते आणि कर्रकन आवाज. शाकाहारी घरात हा आवाज अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो आवाज बंद झाला की काळजी वाटते, हे त्याहून उशिरा कळतं.

कारण खंडूकडे बोलायला एकच वाक्य आहे: जेवणार नाही. गार वाटलं तरी तेच, कात टाकायची असली तरी तेच, पोटात जंत झाले तरी तेच, पेटीची जागा बदलली तरी तेच. सगळं आलबेल असतानाही कधीमधी तेच. कुत्रं केकाटतं, मांजर पायात घोटाळतं. हा गृहस्थ भाजीच्या वाटीकडे पाठ फिरवतो आणि बाकीचं तुम्ही ओळखा म्हणतो.

आपली भूक पोटात असते, खंडूची दिव्यात. आपण खातो त्यातलं पुष्कळसं अंग गरम ठेवण्यातच जळून जातं. हा खर्च खंडू करत नाही, ऊब तो बाहेरून घेतो. त्याच्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागेल त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात त्याचं भागतं, त्यामुळे दोन दिवस न जेवलेल्या खंडूसाठी रडारड करायचं कारण नाही. पण उसन्या उबेची अट कडक आहे. दिव्याखालचा दगड ३८ ते ४२ अंश सेल्सियस हवा, पेटीचं दुसरं टोक २५ च्या आसपास, म्हणजे तापायचं आणि निवायचं त्याचं तो ठरवेल. दगड तीसवर आला की वाटीतल्या ताज्या पाल्याकडे तो बघत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं, कारण गार पोटात गेलेलं अन्न पचत नाही, कुजतं. म्हणून सकाळी दिवा लागल्यावर तासाभरानं पहिला घास, आणि शेवटचा घास दिवा मालवायच्या चांगला दोन तास आधी.

दिवेही दोन. एक उबेचा, दुसरा अतिनील किरणांचा, लांब नळीचा. दुसऱ्यावाचून अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यावाचून कॅल्शियम जिरत नाही, मग हाडं मऊ पडतात. जबड्याचं हाडच मऊ झालेला प्राणी चावणार कशानं? या नळीची लबाडी अशी की तिच्यातले कामाचे किरण आटले तरी डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो. ‘ट्यूब तर चालू आहे’ हे वाक्य या घरात कुणी बोलत नाही. नळीच्या टोकाला मार्करनं बसवल्याची तारीख लिहिलेली आहे. प्रकारानुसार सहा महिन्यांनी किंवा वर्षानं ती बदलायची, लखलखत असली तरी. खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नाही, काच नेमके तेच किरण अडवते.

हे सगळे नखरे त्यानं माहेरून आणलेले. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडचा कोरडा अंतर्भाग, क्वीन्सलंडपासून साउथ ऑस्ट्रेलियापर्यंत, ही त्याच्या जातीची भूमी. तिथे ही मंडळी कुंपणाच्या खांबांवर ऊन खात बसलेली असतात. एर्न्स्ट आल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १९२६ साली जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे ऑस्ट्रेलियानं आपले रानटी प्राणी विकायला बाहेर पाठवणं बंद केलं, त्यामुळे आज जगभरच्या पेट्यांत बसलेले ड्रॅगन बाहेर पोचलेल्या थोड्याशा जनावरांचे वंशज मानले जातात. खंडूच्या कित्येक पिढ्यांनी ते रान पाहिलेलं नाही. उष्णतेचा हुकूम मात्र अंगात कायम आहे. इतका की अंडी ३२ अंशांच्या वर उबली तर गुणसूत्रांनी नर असलेलं पिल्लू मादी होऊन बाहेर येतं. रानातही अशा माद्या असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. नर की मादी हेसुद्धा जिथे ऊब ठरवते, तिथे जेवायचं की नाही हे तिनं ठरवलं तर नवल काय?

डिसेंबरात शिकागोकडचा दिवस नऊ तासांचा. साडेचारच्या आत सूर्य जातो, आणि गेला नाही तरी ढगांमुळे कळत नाही. त्याच सुमाराला खंडूनं दगड सोडला, गार टोकाच्या लाकडाखाली शिरला आणि कोपऱ्यात तोंड खुपसून पडला. मी मीठमोहऱ्या शोधायला निघाले होते. ईशान म्हणाला, “आजी, त्याचा विंटर आहे. झोपू दे त्याला.” पोराचं बरोबर होतं. वर्ष उलटलेल्या ड्रॅगनांना थंडीत अशी सुस्ती येते. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने ते जवळजवळ काही खात नाहीत, अधूनमधून उठून पाणी पितात. तिकडे ऑस्ट्रेलियात तेव्हा भर उन्हाळा चालू असतो, पण खंडूचं पंचांग नेपरविलचं. सगळेच झोपतात असंही नाही, आणि लहान पिल्लू असं पडून राहिलं तर ती झोप समजायची नाही.

झोप आणि आजार बाहेरून अगदी एक दिसतात, गोची इथे आहे. म्हणून झोपू देण्याआधी त्याची शी तपासून आणलेली होती. या प्राण्यांच्या आतड्यात सूतकृमी आणि कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय जीव असायचेच. थोडे असले तर चालून जातं, माजले तर भूक मरते. शिवाय दर रविवारी वजन. ज्या काट्यावर मी लाडवांचं बेसन मोजते त्याच्यावर पंचा अंथरून खंडूला ठेवायचं. तो डोळेही उघडत नसे. आकडा चारशे तीस ग्रॅमच्या आसपास रेंगाळायचा. झोपलेल्याचं वजन फारसं हलत नाही, आजाऱ्याचं उतरत जातं. दहावा हिस्सा उतरलं, डोळे खोल गेले, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली, की घरगुती शहाणपण बंद करून डॉक्टर गाठायचा. बळेबळे चमच्यानं भरवायचं तर नाहीच. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. लंघनावर माझा जुना विश्वास आहे, पण काट्याच्या साक्षीनं केलेलं लंघन मला जास्त पटलं.

त्याच्या ताटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मी तक्रार तिथेच उगवते. पिल्लूपणी किडे जास्त लागतात, मोठेपणी पालाच मुख्य: मोहरीची पानं, डँडेलियन, भोपळ्याचा कीस. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. ॲव्होकाडो विषारी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा असू नये. मेणकिड्याच्या अळ्या त्याला फार आवडतात, सगळी चरबीच. ईशाननं वाढदिवसाच्या लाडात त्या सलग चारल्या आणि नंतर साहेब पाल्याला शिवेनात. याला मी भूक गेली म्हणत नाही, ही चटावलेली भूक. वाटीत रोज पाला ठेवायचा आणि दुर्लक्ष करायचं, की आठवड्याभरात रुसवा संपतो. खरा धोका अंगणात आहे. उन्हाळ्यात इथे संध्याकाळी काजवे निघतात, पोरं ते बरणीत धरतात. या सरड्यांना एक काजवाही जीव घ्यायला पुरतो.

फेब्रुवारी सरता सरता खंडू उठला, दगडावर आला आणि तीन झुरळं खाऊन आमच्याकडे तुच्छतेनं बघू लागला. घर निवांत झालं. मार्चमध्ये पुन्हा वाटी तशीच्या तशी. दिव्याखाली थर्मामीटर धरला, चाळीस. नळी नवी. कात नाही, शी ठीक. पण या वेळी तो झोपतही नव्हता. काचेच्या कोपऱ्यात पुढच्या पायांनी खरवडत होता, दिवसभर, खर्र खर्र, रात्री दिवा गेल्यावरही. आणि रविवारी काट्यावर चारशे ऐंशी.

जेवण बंद आणि वजन वर. हे ऐकून कुठल्याही आजीच्या मनात जे येईल तेच माझ्या आलं. पण खंडू नर, असं दुकानदारानं विकताना छातीठोक सांगितलेलं. “आई, काहीतरीच काय,” लेक म्हणाली, पण गाडी तिनंच काढली. डॉक्टरीणबाईंनी शेपूट किंचित वर उचललं, मुळाशी पाहिलं. नराला तिथे दोन उंचवटे आणि मध्ये खाच असते. खंडूला नव्हती. पिल्लूपणी ती ओळखणं अवघडच असतं. मग एक्स-रे. काळ्या पडद्यावर पोटभर फिकट गोल, एकमेकांना खेटून. ईशान मोजायला लागला आणि मधेच चुकला.

नराचं तोंड न पाहताही या माद्या अंडी घालतात, कोंबडी घालते तशीच पोकळ. पोट अंड्यांनी भरलं की अन्नाला जागा उरत नाही, शेवटचे काही दिवस खाणं जवळपास थांबतं. ते ठीक आहे. ठीक नसतं ते पुढचं. उकरायला जागाच मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, अंडी अडकतात आणि मग जीव जातो. उकरून उकरून अंडी न घालताच ती मलूल पडली तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या चालत नाही.

कपड्यांचा एक प्लॅस्टिकचा खोल डबा रिकामा केला. माती आणि वाळू मुठीत दाबली तर गोळा टिकेल इतकी ओली करून वीतभर भरली. संध्याकाळी तिला आत सोडलं. तिनं जीभ लावून माती चाखली, दोनदा जागा बदलली आणि कामाला लागली. पुढच्या पायांनी उकरायचं, मागच्यांनी माती मागे फेकायची. थोड्या वेळात शेपटाचं टोक तेवढं बाहेर. मग वळून तोंड भोकाशी आणून बसली, अंग आवळलं जायचं आणि सैल पडायचं. सगळं झाल्यावर नाकानं माती ठोकून ठोकून बुजवली, अगदी सपाट, वरून कळू नये अशी. नाकपुड्यांत चिखल, कुशी आत गेलेल्या, हनुवटी काळी. लेकीनं तिला कोमट पाण्यात बसवलं तर ती टबातलं पाणीच पीत राहिली. डब्यातून बावीस अंडी निघाली, पांढरी, चामड्यासारखी मऊ, काही सुरकुतलेली. दुसऱ्या दिवशी तिनं झुरळं मागितली, म्हणजे काचेला नाक लावून बसली, आणि कॅल्शियमची भुकटी लावलेली जितकी समोर आली तितकी फस्त केली.

नावाचा वाद दोन दिवस चालला. मी म्हाळसा सुचवलं, जेजुरीला गाभाऱ्यात दोघं शेजारीच आहेत. ईशाननं साफ नकार दिला. त्यामुळे नाव खंडू आणि क्रियापद स्त्रीलिंगी, अशी तडजोड झाली. शाळेत शिक्षिकेला त्यानं काय सांगितलं ते विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एवढ्यावर थांबेलच असं नाही, काही आठवड्यांनी दुसरी खेप येऊ शकते, डबा टाकू नका. मी पुण्याला परतले. परवा व्हिडिओवर ईशान म्हणाला, खंडूनं भोपळा तसाच टाकलाय. दिवा पाहिला का, हे मी विचारलं नाही. वजन विचारलं. “वाढलंय,” म्हणाला. “मग माती भिजव,” मी म्हटलं, आणि तो फोन चालू ठेवूनच डबा आणायला गेला.