आपले मत बहुमोल आहे

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाचा दोन गोष्टींवरचा विश्वास उडतो. एक म्हणजे "साहेब, हप्ता उद्या नक्की भरतो" हे वाक्य, आणि दुसरा, कर्जाच्या अर्जाला जोडलेल्या प्रकल्प अहवालातला 'बाजारपेठ' हा परिच्छेद. तो मला तोंडपाठ आहे. "सदर मालास परिसरात प्रचंड मागणी असून स्पर्धा नगण्य आहे." धंदा पापडाचा असो, पंक्चरचा असो की शिकवणीचा, मागणी प्रचंड आणि स्पर्धा नगण्य. हे अहवाल शाखेसमोरचा झेरॉक्सवाला करून देतो. त्याच्या कॉम्प्युटरात मूळ अहवाल एकच आहे. धंद्याचं नाव तेवढं बदलतं. एकदा एके ठिकाणी ते बदलायचं राहिलं, आणि ब्युटी पार्लरसाठी मुद्रा कर्ज मागणाऱ्या बाईंच्या अहवालात "पार्लरमधील शेळ्यांना वेळच्या वेळी लस टोचण्यात येईल" असं छापून आलं. तो कागद आम्ही आठवडाभर टेबलाटेबलावर फिरवला. सर्वांत जास्त मी हसलो.

तर गेल्या वर्षी आमच्या सौ.ने भाजणीचा धंदा काढायचं मनावर घेतलं. तिच्या थालीपिठाच्या भाजणीचं नातेवाइकांत नाव आहे. म्हणजे नातेवाईक येतात, थालीपीठ खातात, "अगं, हे तू विकायला हवंस" म्हणतात आणि निघताना अर्धा किलो भाजणी फुकट नेतात. बारा वर्षं ऐकून ऐकून तिला ते खरं वाटू लागलं. भिशीचे आणि फॉल-बिडिंगचे मिळून साठवलेले अठ्ठावीस हजार रुपये तिने साखरेच्या जुन्या डब्यातून काढले, माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, "अहो, एवढ्यात होईल ना सुरू?"

बी.कॉम. झालेल्या माणसाला असा साधा प्रश्न विचारू नये.

"आधी बाजारपेठेचं सर्वेक्षण," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांना विचारायचं."

"लोक आपण होऊनच म्हणतात की, विकायला हवंस म्हणून!"

"तसं नव्हे. शास्त्रीय पद्धतीने."

शास्त्रीय पद्धत म्हणजे गूगल फॉर्म, ही माहिती आमच्या अकरावीतल्या चिरंजीवांनी पुरवली. प्रश्न आपण लिहायचे, दुवा मोबाइलवर पाठवायचा, लोक घरबसल्या टिचक्या मारतात आणि उत्तरांचा हिशेब फॉर्म स्वतःच मांडतो. शिवाय फुकट. मी रात्री बसून पंचवीस प्रश्न काढले. चिरंजीवांनी त्यातले पंधरा उडवले. वडिलांचं नाव, पॅन क्रमांक आणि दोन जामीनदार यांचा भाजणीशी संबंध नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. बँकेत काम न केलेल्या माणसाला काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

उरलेल्या दहांतला चौथा प्रश्न मात्र माझा, एका अक्षराचाही बदल न होता गेला. "घरगुती, सात्त्विक, अस्सल चवीची भाजणी माफक दरात घरपोच मिळाल्यास आपणास आवडेल काय?" पर्याय चार: खूप आवडेल, आवडेल, बऱ्यापैकी आवडेल, सांगता येत नाही. 'नाही' हा पर्याय मी ठेवलाच नव्हता. नकाराची सोय आपण होऊन कशाला करून द्या? फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आपले मत बहुमोल आहे'.

फॉर्म सोसायटीच्या ग्रुपवर गेला, माहेर-सासरच्या ग्रुपवर गेला, माझ्या शाळेच्या बॅचच्या आणि बँकेच्या ग्रुपवर गेला. उत्तरं धो धो आली. एका निवृत्त मामांची एकट्याचीच चार आली. फॉर्म भरून झाला की शेवटी 'दुसरा प्रतिसाद पाठवा' अशी ओळ दिसते. मामांनी हयातभर सरकारी नोकरी केलेली. लेखी आदेश त्यांनी कधी मोडला नाही. रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला, "अरे, हे संपायचं केव्हा?"

एकूण ११४ उत्तरं, पैकी ९७ 'खूप आवडेल'. म्हणजे शेकडा पंच्याऐंशी. फॉर्मने त्याचा एक गोल काढून दाखवला, जवळजवळ सगळा निळा. तो गोल मी छापून घेतला आणि फ्रिजवर चिकटवला. 'अन्य सूचना' या शेवटच्या रकान्यात बहुतेकांनी 'शुभेच्छा' लिहून हात जोडले होते. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "आई गेल्यापासून घरात भाजणी नाही. पाव किलो मिळेल का?" आम्ही तर किलोच्या खाली विकायचं नाही असं ठरवलेलं. हे उत्तर मी किरकोळीत टाकलं.

मग चाळीस किलो भाजणी झाली. तांदूळ, बाजरी, ज्वारी, हरभराडाळ, उडीद, धणे, प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, घाईची आच चालत नाही. चार दिवस सौ. गॅसपुढून हलली नाही. वास तिसऱ्या इमारतीपर्यंत गेला. आठ दिवसांत विक्री झाली सहा किलो, त्यातली दोन किलो सासूबाईंनी लेकीच्या मायेपोटी घेतलेली.

शाखेत एका सहकाऱ्याला मी गाठलं. "तुम्ही 'खूप आवडेल' लिहिलं होतंत ना?"

"मग? आवडेलच की! पण आमच्याकडे आईची असते."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी आवडेल का एवढंच विचारलं होतं, आणि त्याने सांगितलं होतं. विकत घ्याल का, आणि आत्ता कुठून आणता, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मला कॉलेजातला संख्याशास्त्राचा तास आठवला. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून लँडन जिंकणार असं साप्ताहिकाने जाहीर केलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदीतून. मंदीच्या दिवसांत ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, त्यालाच विचारलं गेलं. साप्ताहिक १९३८ साली बंद पडलं. परीक्षेत या उदाहरणावर मला पाचपैकी पाच मार्क मिळाले होते. आणि मी भाजणीबद्दल विचारलं कोणाला, तर जे बारा वर्षं ती फुकट नेत होते त्यांना!

सौ.ने एक अक्षर बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागलं. तिने चिरंजीवांची एक अर्धी कोरी वही घेतली आणि दुपारच्या वेळी फोन करायला सुरुवात केली. प्रश्न एकच. "शेवटचं थालीपीठ घरी कधी केलंत, आणि भाजणी कुठली होती?" चार दिवसांनी वही माझ्यापुढे आली. आईची. सासूबाईंची. गावाहून आत्याची. मोठ्या जाऊबाईंची. मधूनच एखादं पाकीट.

"अहो," ती म्हणाली, "आपली स्पर्धा सगळ्यांच्या आयांशी आहे."

मग ती फॉर्मच्या 'अन्य सूचना' पहिल्यापासून वाचत बसली, शुभेच्छांसकट. संध्याकाळी पाव किलोची पिशवी घेऊन बी विंगमध्ये गेली. ते गृहस्थ मला दहा वर्षं फक्त गाडी आडवी लावणारे म्हणून माहीत होते. परत यायला तिला पाऊण तास लागला.

"एवढा वेळ?"

"त्यांनी विचारलं, आता याचं करायचं काय. त्यांनी फक्त खाल्लंय हो आयुष्यभर."

तिने त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून पहिलं थालीपीठ लावून दाखवलं होतं. कोमट पाणी किती, कांदा किती, मधे भोक का पाडायचं, झाकण केव्हा काढायचं. दुसरं त्यांनी स्वतः थापलं, तव्यावर टाकताना मोडलं, आणि तसंच मोडकं आवडीने खाल्लं.

त्या दिवसापासून पिशवी पाव किलोची झाली आणि आत कृतीची चिठ्ठी जाऊ लागली. भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघी-चौघी राहणाऱ्या नोकरदार मुली, बायको बाळंतपणाला गेलेले एक इंजिनिअर, असे लोक सापडत गेले. यातला एकही माझ्या ग्रुपवर नव्हता. अर्थात चाळीस किलो त्यांना खपणारे नव्हते. पावसाळा तोंडावर आला, भाजणी खवट होण्याआधी अकरा किलो नातेवाइकांत वाटावी लागली. सगळ्यांनी आनंदाने नेली. मामा तर म्हणाले, "अगं, हे तू विकायला हवंस."

अठ्ठावीस हजारांपैकी सतरा आतापर्यंत डब्यात परत आलेत. परवा तिने छोटी गिरणी घ्यायचं काढलं. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतात; अर्ज दुसऱ्या बँकेत करायचा, म्हणजे कोणी नाव ठेवायला नको. अहवाल टाइप करायला आम्ही त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो सवयीने 'बाजारपेठ'पाशी आला आणि न विचारताच टाइप करू लागला.

"थांबा," सौ. म्हणाली. "काय लिहिताय?"

"मागणी प्रचंड, वहिनी."

"एकतीस लिहा."

"एकतीस काय? टक्के?"

"एकतीस घरं," ती म्हणाली आणि पिशवीतून वही काढली. "नावं सांगते."