गळ्याचे दार

स्वरयंत्र काढून टाकलेल्या माणसाची लोकांना कीव येते ती त्याचा आवाज गेला म्हणून. भेटायला येणारे स्नेही आमच्या मौनाबद्दल हळहळतात; आमच्या श्वासाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक स्वरयंत्र काढले की नाकातोंडाचा फुप्फुसांशी असलेला संबंध कायमचा तुटतो. श्वासनलिकेचे वरचे तोंड पुढे आणून मानेच्या तळाशी कातडीला शिवतात आणि तेवढ्या छिद्रावर पुढचे सारे आयुष्य चालते. कर्करोगासाठी सबंध स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्ना येथे ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली. त्यांचे सहायक गुसेनबाउअर यांनी त्या रोग्यासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले. तेव्हाही चिंता आवाजाचीच!

जखम भरताना आकसते, हा देहधर्मच आहे. सरळ जखम आकसली तर कातडी थोडी ओढली जाते, इतकेच. वर्तुळाकार जखमेला मात्र आकसायला एकच दिशा असते, ती मध्याकडची. नाडी ओढलेल्या बटव्यासारखे तिचे तोंड मिटत जाते. त्यात शिवणीत पू झालेला असला किंवा किरणोपचार झालेले असले, तर विचारूच नये.

आमचे छिद्र इतक्या सावकाश मिटत होते की, जिन्यावर लागणारी धाप आम्ही वयाच्या खाती टाकीत होतो. एके दिवशी घरातून विचारणा झाली, "अहो, जिना चढताना शीळ कसली वाजवता?" फुंकर घालून समई विझवण्याचीही सोय ज्याला उरली नाही, तो शीळ कुठली वाजवणार? ती शीळ गळ्याच्या छिद्रातून येत होती.

येथे लखनौत आमचे शल्यवैद्य तमिळ, आम्ही मराठी, आणि दोघांची सामायिक भाषा हिंदी. त्यातही आमची बाजू विजेच्या यंत्रातून घरघरणारी. म्हणून त्यांनी कागद ओढला. भोक निम्म्या रुंदीचे झाले तर तेवढीच हवा ओढायला दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट जोर लागतो, हे गणित त्यांनी आधी मांडले. छिद्र ताणून रुंद करता येते, पण ताणताना पुन्हा जखम होते आणि तिचाही वण आकसतो. नळी घालून ठेवता येते. ती आम्ही तीन महिने वापरली. लखनौच्या कोरड्या थंडीत ती कफाच्या खपल्यांनी भरे आणि खोकल्यागणिक आत घासे.

शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी कडेचा एक तुकडा तपासणीस पाठवला. अरुंदपणा केवळ वणाचा आहे की रोग परतला आहे, हे आधी कळायला हवे. ते चार दिवस आम्ही कचेरीत नेमाने फाइली उपसल्या. त्यांतल्या एकीचाही मजकूर आज आठवत नाही. अहवाल निर्दोष आला, तेव्हा आमची सौभाग्यवती देव्हाऱ्यापाशी बराच वेळ बसून राहिली.

मूळ युक्ती ऐकून आम्ही चकित झालो. आमची समजूत अशी की, लहान वर्तुळ कापून मोठे करतील. पण मोठे वर्तुळही वर्तुळच. तेही कालांतराने मिटायचे. म्हणून ते कडेचा वण काढतात, वर्तुळ ठिकठिकाणी छेदतात आणि कातडीचे त्रिकोणी पदर श्वासनलिकेच्या छेदांत वळवून बसवतात. काठ नागमोडी होतो. वण मग वेगवेगळ्या दिशांना ओढतो आणि साऱ्यांना मिळून नाडी आवळता येत नाही. वणाचा स्वभाव बदलत नाही. त्याची एकजूट तेवढी मोडायची. कचेरीच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागले नाही.

गुंगीचे औषधही त्याच छिद्रातून दिले. काही आठवडे नळी ठेवली, मग काढली. आता जिन्याचे दोन मजले आम्ही न थांबता चढतो.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या रात्री खाटेपाशी असलेल्या एका नवख्या मुलाने प्राणवायूचा मुखवटा मोठ्या तत्परतेने आमच्या नाकातोंडावर बसवला. सौभाग्यवतीने तो ओढून गळ्यावर आणला म्हणून बरे. तेव्हापासून खिशात एक चिठ्ठी असते: 'मैं गले से साँस लेता हूँ, ऑक्सीजन गले पर दीजिए.' बदलीचा हुकूम दक्षिणेकडचा निघाला, तर तेवढी दोन वाक्ये तिकडच्या लिपीत कोणाकडून तरी उतरवून घ्यायची आहेत.