सोंग चढतं तेव्हा

वेरूळच्या पंधराव्या लेण्यात नरसिंहानं हिरण्यकश्यपूला धरलं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आम्हा लोकांना तो घरचाच. उजेड सरकला, सावली बदलली, की त्याच दगडी चेहऱ्यावरचा क्रोध कमी-अधिक होताना मी पाहिला आहे. म्हणूनच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवट्यातला नरसिंह समोर आला, तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही.

बोहाडा म्हणजे कोकणा, वारली, ठाकर अशा आदिवासींचा सोंगांचा उत्सव. होळीच्या आगेमागे संबळ घुमू लागतो, टेंभे पेटतात आणि गणपती, सरस्वती, मारुती, रावण एकामागून एक नाचत येतात. कित्येक सोंगांचा मान एकेका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. सोंग घेणाऱ्याच्या डोक्याला आधी फडकं घट्ट गुंडाळायचं, मग मुखवटा चढवून दोऱ्या आवळायच्या. आतल्या माणसाला फटीतून दिसेल तेवढंच जग. तो बोलत नाही; मान, खांदे, पावलं बोलतात. टेंभ्याची ज्योत हलली की रंगवलेले डोळे वटारले जातात.

जपानच्या नोह नाट्यानं हीच किमया सहा शतकं शास्त्रासारखी जपली आहे. कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी चौदाव्या शतकात या रंगभूमीला घाट दिला. हिनोकीच्या लाकडातून मुखवटा कोरायचा, शिंपल्यांच्या भुकटीचे थर द्यायचे, मग रंगवायचा. तरुणीच्या मुखवट्यात कारागीर हसूही पुरतं देत नाही, दुःखही नाही. नटानं चेहरा किंचित वर उचलला की ती प्रसन्न होते, खाली झुकवला की उदास. प्रवेशाआधी नट आरशाच्या दालनात बसतो, मुखवट्याला वंदन करतो आणि मगच तो चढवतो. डोळ्यांची छिद्रं इतकी लहान, की रंगमंचाच्या खांबांवरून त्याला आपली जागा हेरावी लागते.

बोहाड्याचा मुखवटा भडक, नोहचा संयत. पण दोन्हीकडे कारागीर निम्मंच काम करून थांबतो; उरलेलं नटाच्या मानेनं आणि उजेडानं करायचं असतं. म्हणून काचेच्या कपाटातला मुखवटा मला नेहमी अपुरा वाटतो. बोहाड्यात आता लाकडाची जागा बरीचशी कागदाच्या लगद्यानं घेतली आहे. तो हलका, नाचायला सोयीचा. त्याचं मला दुःख नाही. तो चढवणारी माणसं कमी झाली, तर मात्र होईल.

दिवाणखान्यात टांगायला मुखवटा खुशाल विकत घ्या. पण त्याआधी एक रात्र बोहाड्यात जागा, आणि जगदंबा महिषासुराला मारेपर्यंत उठू नका.