वेन्स्कॉट

इंग्रजी कादंबऱ्यांतल्या जुन्या घरांत ‘वेन्स्कॉट’ हमखास भेटतो. भिंतीला, बहुधा खालच्या अर्ध्या भागाला, बसवलेले लाकडी पॅनेलिंग. बीट्रिक्स पॉटरच्या ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’मधले उंदीर त्याच्याच मागे नांदतात. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा मात्र ते एका उंची लाकडाचे नाव होते.

मूळ रूप उत्तर जर्मनीतले ‘वागेनशॉट’. ‘वागेन’ म्हणजे गाडी आणि ‘शॉट’ म्हणजे फळी किंवा आडोसा, असे पुष्कळ कोशकार मानतात. गाडीचा भिंतीशी संबंध कसा जुळला, यावर वाद आहे. मला त्या वादापेक्षा तो माल अधिक बोलका वाटतो.

माल होता बाल्टिक प्रदेशातल्या ओकचा. दाट रानात उजेडासाठी झाडे सरळसोट वर जात, सावकाश वाढत. वाढीची वर्तुळे अगदी अरुंद, लाकूड एकसारखे. ओंडका पाचर मारून सालीकडून गाभ्याकडे फोडत, म्हणून फळी सहसा वाकत नसे आणि तिच्या अंगावर रेशमासारखे चकाकते पट्टे उमटत. डान्झिग आणि रीगा या बंदरांतून हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचे व्यापारी या फळ्या पश्चिमेला पाठवत. डान्झिगच्या उपसागरात पंधराव्या शतकाच्या आरंभी बुडालेल्या एका जहाजात तांब्याबरोबर ओकच्या फळ्याही सापडल्या. फ्लेमिश चित्रकारांनी याच लाकडावर चित्रे काढली. आज त्यातली वर्तुळे मोजून संशोधक चित्राचा काळ ठरवतात. 1577 साली विल्यम हॅरिसन इंग्लंडचे वर्णन लिहितो, तेव्हाही आपल्या देशातला ओक वेगळा आणि पूर्वेकडून येणारा वेन्स्कॉट वेगळा, हा भेद तो पाळतो.

पुढे लाकडाचे नाव भिंतीला चिकटले. थंडगार दगडी दालनांत या फळ्यांनी ऊब आणली. सुतार फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवत, जखडून टाकत नसत. दमट हवेत ती फुगे, कोरड्या हवेत आकसे, तरी तडकत नसे. लाकडाचा स्वभाव ओळखून केलेले इतके समंजस काम मला फार मोलाचे वाटते. आता लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, रंगवलेल्या एमडीएफलाही वेन्स्कॉट म्हणतात, हे मनाला लागते.

लंडनला जाणे झाले तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ब्रॉमली-बाय-बो इथली खोली अवश्य पाहा. 1606 सालचे ते घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाडले गेले. ओकने मढवलेली ही खोली तेवढी वाचली.