मायक्रॉन सापडला!

पोलाद दुपारी मोठं होतं आणि रात्री लहान होतं! हसू नका. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे मलाही शाळेपासून पाठ आहे. रुळांमध्ये फट ठेवतात, दोन मार्कांचं उत्तर, झालं. पुढे मेकॅनिकलची चार वर्षं तो प्रसरण गुणांक निमूटपणे सूत्रात घालत आले. पण तोच आकडा डोळ्यांदेखत हलताना पाहिला तो आत्ता, चाकणच्या एका क्रँकशाफ्ट लाइनवर, जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून लागल्यावर. तेव्हापासून रूमवर, कंपनीच्या बसमध्ये, आईला फोनवर, ज्याला त्याला हेच सांगत सुटले आहे. आज तुम्ही सापडलात.

झालं असं, की ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला जॉब काकांनी माझ्यासमोर ठेवला. काका म्हणजे लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, आयटीआय करून लागलेले, माझ्या वयाइतकी त्यांची नोकरी. "मॅडम, मोजा." मास्टरवर शून्य केलेला डायल, एक घर म्हणजे एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. एक जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मोजला, माप लिहिलं. "आता चहा घेऊन या." चहा घेऊन आले. "आता परत मोजा." तोच जर्नल, तोच डायल, आणि काटा पाच घरं मागे! कुणी हातही लावला नव्हता हो त्याला. जॉब मघाशी कोमट होता, आता गार झाला होता, एवढंच.

मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटर व्यासाचा जर्नल नऊ अंशांनी गार झाला तर पाच मायक्रॉन. बरोब्बर! आता गंमत ऐका. या व्यासाला एच सिक्स या टॉलरन्सची सूट मिळते ती सगळी मिळून १६ मायक्रॉन. म्हणजे नुसता गरम जॉब मोजला, की जवळजवळ एक तृतीयांश सूट खलास. चांगला जॉब रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये जायचा किंवा वाईट जॉब पास होऊन कुणाच्या तरी इंजिनात. एका चहाचा फरक! काका मात्र शांतपणे तंबाखू मळत उभे. (शॉपमध्ये तंबाखूला बंदी आहे. मी काही पाहिलेलं नाही.)

मग मला स्टँडर्ड रूमचं कोडं उलगडलं. ती काचेची खोली, जिथे बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना आतली माणसं स्वेटर घालून बसतात. मला वाटायचं एसी संगणकासाठी असेल, नाहीतर साहेबांसाठी. अजिबात नाही, तो एसी लोखंडासाठी आहे! तिथे २० अंश राखतात, आणि महत्त्वाचा जॉब मोजायचा असेल तर आदल्या दिवशीच आणून ठेवतात, म्हणजे तो आतपर्यंत निवतो. लांबी मोजायची ती २० अंशांना, असं जगाने ठरवून टाकलंय. आयएसओची अगदी पहिली, एक नंबरची शिफारस, १९५१ सालची, याच विषयावरची आहे. जगभरचे लोक प्रमाण ठरवायला बसले आणि पहिलं काय ठरवलं, तर मोजताना किती गार असायचं!

त्याच खोलीत स्लिप गेज पाहिले. चकचकीत पोलादी ठोकळ्या, मखमली खोक्यात ओळीने. तिथल्या सरांनी दोन ठोकळ्या पुसल्या, एकीवर दुसरी किंचित दाबून सरकवली आणि वरची उचलली, तर खालची सोबत वर आली. डिंक नाही, चुंबक नाही. पृष्ठभाग इतके सपाट, की मध्ये उरतो तो तेला-ओलाव्याचा नावापुरता पापुद्रा, आणि दोन्ही एकमेकींना सोडत नाहीत. मी चक्क ओरडले. हे शोधणारा योहान्सन स्वीडनमधल्या एस्किल्स्टुनाच्या रायफल कारखान्यातला माणूस. १८९६ साली त्याला सुचलं, की वेगवेगळ्या मापाच्या १०२ ठोकळ्या असल्या तर त्या जोडजोडून हजारो मापं तयार करता येतील. आणि त्या घासून अचूक करायला यंत्र कुठलं, तर बायकोच्या शिलाई मशीनमध्ये फेरफार करून घरीच बनवलेलं. हे आम्हाला कॉलेजात कुणी का सांगितलं नाही? मेट्रॉलॉजीच्या पेपरला स्लिप गेजवर टीप लिहिली होती मी. पाच मार्क. शिलाई मशीनचा उल्लेख नाही!

आणि फाइलिंग! ट्रेनिंग सेंटरला माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा, व्हाइस, बास्टर्ड फाइल आणि गुण्या दिला. "सपाट करा." सीएनसीच्या जमान्यात हे कशाला, अशी आमच्या बॅचमध्ये कुजबुज झालीच. दोन दिवसांत तळव्यांना फोड आले आणि सगळ्यांचे जॉब बत्ताशासारखे मध्ये फुगलेले. पण सर गुण्या लावून तो तुकडा ट्यूबलाइटसमोर धरतात, आणि फटीतून उजेडाची केसाहूनही बारीक रेघ दिसते. ती रेघ काही मायक्रॉनची! केस असतो साधारण सत्तरचा. म्हणजे मायक्रॉन दिसतो! आपल्याच डोळ्यांना, फुकट, डायलशिवाय. ज्या दिवशी एका बाजूची रेघ नाहीशी झाली, त्या दिवशी मी तो तुकडा रूमवर न्यायची परवानगी मागितली. गेटपास लागेल म्हणाले. केला गेटपास.

सुरुवातीचे दिवस कॉन्फरन्स रूममध्ये गेले, कंपनीची मूल्यं, पीएफचा फॉर्म, बसचे रूट, ग्रुप फोटो. त्याबद्दल एवढं पुरे. सेफ्टीचा तास तेवढा मनापासून ऐकला.

कॉलेजच्या ग्रुपवर आता आमची रोज हमरीतुमरी. एक मैत्रीण कोल्हापूरला, शिरोलीच्या फाउंड्रीत. ती सांगते, बिडाचं कास्टिंग गोठून गार होताना शेकडा एक आक्रसतं, म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा बनवतात, आणि पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, जरा ताणलेली. तिच्या सेंटीमीटरवर भरवसा ठेवायचा नाही! माझा जर्नल पाच मायक्रॉन हलला, तर हिचा मीटरभर लांबीचा जॉब चक्क सेंटीमीटरभर हलतो. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? दुसरा मित्र मोठ्या नावाच्या कंपनीत आहे. पॅकेज आमच्यापेक्षा बरं. त्याला अजून व्हिडिओ आणि क्विझच चालू आहेत, शॉप पाहिलाय तो काचेआडून. त्याच्या स्क्रीनवरचं प्रमाणपत्र परवा त्याने ग्रुपवर टाकलं, मी माझ्या तुकड्याचा फोटो टाकला. माझ्या मते इंजिनिअरला पहिल्या महिन्यात लॅपटॉप देऊच नये. फाइल द्यावी, नाहीतर एखाद्या काकांच्या हवाली करावं.

सोमवारपासून माझी पोस्टिंग हीट ट्रीटमेंटला. तिथे म्हणे सरळ शाफ्ट आत जातो आणि हार्डनिंग होऊन वाकडा बाहेर येतो, मग प्रेसवर दाबून त्याला सरळ करतात. का वाकतो? सगळे एकाच बाजूला वाकतात का? दाबून सरळ केलेला सरळच राहतो, की रात्रीतून पुन्हा मनासारखं करतो? प्रश्नांची तीन पानं भरली आहेत. तिथल्या ऑपरेटर काकांना अजून माझी काहीच कल्पना नाही.