‘इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून आलंय’ म्हणजे नक्की काय?

आजचा विषय आजाराचा नाही, पण तुमच्या औषधगोळ्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

हल्ली पेशंट रिपोर्टच्या फाइलबरोबर मोबाइलवरचा एखादा मेसेजही दाखवतात. अमुक चूर्णाने मधुमेह मुळापासून जातो, तमुक काढ्याने किडनी सुधारते. मी शंका काढली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, “पण डॉक्टर, हे इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून आलंय. इम्पॅक्ट फॅक्टरपण दिलाय बघा.” अशा मेसेजवर विसंबून इन्सुलिन बंद केलेले आणि महिन्याभराने चारशे-पाचशे साखर घेऊन आलेले पेशंट मी पाहिले आहेत. म्हणून हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते आज समजून घेऊ.

हा आकडा काढतात कसा?

संशोधक आपला पेपर लिहितो तेव्हा आधीच्या ज्या पेपरांचा आधार घेतला, त्यांचा उल्लेख करतो. यालाच सायटेशन म्हणतात. समजा, एका जर्नलने 2022 आणि 2023 या दोन वर्षांत मिळून 100 लेख छापले आणि 2024 मध्ये इतरांनी त्यांचा 300 वेळा उल्लेख केला, तर 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर झाला 3. बस, एवढंच गणित. अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी 1960 च्या दशकात ते रूढ केलं. कोणती जर्नल्स जास्त वाचली-वापरली जातात हे ओळखायला त्याचा उपयोग होता. एखादा पेपर खरा की खोटा, किंवा एखादा डॉक्टर किती हुशार, हे मोजायला तो बनलाच नव्हता.

शिवाय ही सरासरी आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर साधारण 2 होता, तो 2009 मध्ये एकदम 49 च्या वर गेला. कारण काय, तर एकच लेख हजारो जणांनी उल्लेखला. बाकीचे लेख होते तिथेच होते. वर्गातल्या एका मुलाला शंभर मार्क मिळाले म्हणून अख्खा वर्ग हुशार होत नाही, तसंच हे.

आणि उल्लेख होणं म्हणजे पटणं नव्हे. एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित जर्नलमध्ये आला. त्यात मुलं होती फक्त 12. तो 2010 मध्ये मागे घेण्यात आला. त्याचा उल्लेख मात्र प्रचंड झाला आणि त्यातला बराचसा तो कसा चुकीचा आहे हे सांगण्यासाठी. मोजणाऱ्या यंत्राला शाबासकी आणि टीका यांतला फरक कळत नाही.

मग गडबड कुठे होते?

तुमच्याच अनुभवातलं उदाहरण देतो. साखर तपासायच्या आधी दोन दिवस काही जण भात बंद करतात, गोड बंद करतात, संध्याकाळी फिरायलाही जातात. उपाशीपोटीची साखर छान येते. पण तीन महिन्यांचा हिशोब सांगणारी एचबीए1सी सगळं उघडं करते. आकडा सुधारला, तब्येत नाही.

संशोधनात हेच घडलं. प्राध्यापकाची बढती पेपरांच्या संख्येवर आणि जर्नलच्या आकड्यावर ठरू लागली, तसे लोक आकडा सुधारायला लागले. काही संपादक लेखकाला सांगतात, आमच्याच जर्नलमधले चार लेख उल्लेखा, मग छापू. काही संशोधक ‘तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो’ असा व्यवहार करतात. आणि काही जर्नल्स तर सरळ खोटा इम्पॅक्ट फॅक्टर छापतात. सोलापुरी चादरीचं लेबल लावून भलतीकडचा माल विकतात ना, तसंच. ‘पैसे भरा, आठवड्यात पेपर छापून देतो’ असे ईमेल माझ्यासारख्या खासगी प्रॅक्टिस करणाऱ्यालाही सारखे येतात.

हे प्रमाण किती मोठं असावं? उत्तर आपल्या पुण्यातूनच मिळालं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1,009 जर्नल्स तपासली. हा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्यातल्या 34.5 टक्के जर्नल्सचा पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं अशी मूलभूत माहितीच चुकीची किंवा गायब होती. आणखी 52.3 टक्के जर्नल्समध्ये खोटा इम्पॅक्ट फॅक्टर, चुकीचा नोंदणी क्रमांक किंवा संपादकांची कच्ची पात्रता असे दोष होते. एकूण 88 टक्क्यांहून जास्त जर्नल्स निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 जर्नल्स यादीतून काढली.

लक्षात घ्या, ही गल्लीबोळातली यादी नव्हती, सरकारमान्य होती.

याचा तुमच्याशी काय संबंध?

आम्ही डॉक्टर औषध निवडतो, डोस ठरवतो ते शेवटी अशाच पेपरांच्या आधारावर. बढतीसाठी घाईने, न तपासता छापलेला पेपर तिथेच पडून राहत नाही. कुणीतरी तो उल्लेखतो, कुणी जाहिरातीत वापरतो, आणि फिरत फिरत तो तुमच्या मोबाइलवर येतो. लेखकाला बढती मिळते, जर्नलला पैसे मिळतात, आणि किंमत मोजतो तो अक्कलकोटहून किंवा मंगळवेढ्याहून उपचारांसाठी सोलापुरात आलेला पेशंट. माझ्या मते हा निव्वळ कॉलेजांतला अंतर्गत मामला नाही, रुग्णाशी केलेली फसवणूक आहे.

सगळंच संशोधन खोटं, असं मात्र समजू नका. इन्सुलिन, लसी, रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं चांगल्या संशोधनातूनच आलं. पुण्याचा अभ्यासही संशोधनच होता.

मेसेज आला तर एवढं विचारा

1. प्रयोग माणसांवर झाला का? की उंदरांवर, की काचेच्या नळीत?
2. माणसं किती होती? दहा-बारा की हजारो?
3. औषध न घेतलेल्या किंवा नेहमीचं औषध घेणाऱ्या गटाशी तुलना केली का?
4. दुसऱ्या कुणी तोच प्रयोग करून तेच उत्तर मिळालं का?
5. पैसे कुणी दिले? औषध विकणाऱ्यानेच का?

या पाच प्रश्नांत इम्पॅक्ट फॅक्टर कुठेच नाही, हे ध्यानात आलं असेल. उत्तरं सापडली नाहीत तर मेसेज तुमच्या डॉक्टरांना दाखवा, विचारायला लाजू नका. आणि ते सांगेपर्यंत चालू असलेली गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.