अर्थ कुठे तुटला?

रत्नागिरीला येणारा पाहुणा रत्नदुर्गावर जातो, थिबा राजाचा वाडा पाहतो, पतितपावन मंदिरात हात जोडतो आणि हंगाम असेल तर आंब्याची पेटी घेऊन परततो. या गावावर खरे राज्य कोणाचे, हे त्याला दोन दिवसांत कळत नाही. ते आहे खाऱ्या वाऱ्याचे. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, विहिरीवरच्या पंपाचे बटण, या साऱ्यांची तो रोज हजेरी घेतो. लोखंडाला तो तांबडा करतो, तांब्याला हिरवा. अशा गावात सत्तर वर्षांची विलायती स्पोर्ट्स मोटार बाळगणे म्हणजे मांजराच्या पहाऱ्यावर दूध ठेवण्यासारखेच!

आमच्या अण्णा वकिलांनी मात्र ती बाळगली आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली ही दोन आसनांची, उघडी, लांब नाकाची मोटार. या कुळातली सर्वांत नावाजलेली म्हणजे एम. जी. मिजेट. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरे ती नावात वागवते. तिच्या टी. सी. नावाच्या सुमारे दहा हजार मोटारी १९४५ ते १९४९ या काळात अॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, आणि अंगाचा सांगाडा चक्क अॅश झाडाच्या लाकडाचा, त्यावर पत्रा. अण्णांची मोटार एम. जी. नव्हे, पण घडण त्याच वळणाची.

गेल्या पावसाळ्यानंतर ती रुसली. दिवे लख्ख लागत, भोंगा वाजे; पण स्टार्टरचे बटण दाबले की नुसते ‘टक्’, आणि दिवे मान टाकत. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजचा माणूस येऊन पाहून गेला. त्याचे निदान असे: सगळ्या तारा बदला, स्टार्टर नवा बसवा, नाहीतर सरळ आजकालचे इंजिन घाला. खर्चाचा आकडा ऐकून पुण्यातल्या मुलांनी फोनवरच निकाल दिला, “अण्णा, विकून टाका.” मुंबईचे गिऱ्हाईकही ठरले. ते आठ दिवसांनी येणार होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी पडवीत बसताना खुर्ची मोटारीकडे पाठ करून ठेवू लागले.

तेव्हा मी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. तिथले एक चाचा चाळीस वर्षे मासेमारीच्या लाँचींची इंजिने दुरुस्त करीत आले आहेत. मोटारीच्या डॉक्टरला सोडून होडीच्या वैद्याकडे का, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. खाऱ्या हवेत यंत्र कुठे मार खाते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

चाचा आले ते हात हलवीत. खिशात एक मीटर आणि पॉलिश पेपरचा तुकडा, एवढेच. त्यांनी अण्णांना बटण दाबायला सांगितले आणि स्वतः इंजिनाजवळ कान नेऊन उभे राहिले. मग चोकची तार दोन बोटांत धरून पुन्हा दाबायला लावले. लगेच हात मागे घेऊन ते हसले. “सर, तार तापली बघा. हिचा अर्थ तुटलाय.”

मराठीच्या मास्तराला याहून गोड निदान कोणते! मिस्त्रीमंडळींच्या भाषेत मोटारीच्या लोखंडी अंगाशी बॅटरीचे टोक जोडणारा मार्ग म्हणजे ‘अर्थ’. बॅटरीतून निघालेली वीज काम करून याच वाटेने घरी परतते. इंजिन बसवलेले असते रबराच्या गाद्यांवर, आणि रबर वीज जाऊ देत नाही. म्हणून इंजिन व चासी यांच्यामध्ये तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तीच सडली होती. मोठी वाट बंद झाली, तेव्हा बिचारी वीज चोकच्या सडपातळ तारेतून घर शोधू लागली, आणि तार तापली.

मग दिवे कसे लागत होते? त्यांचा परतीचा मार्ग वेगळा, आणि त्यांची भूकही थोडी. हिशोब करून पाहा. एखाद्या सांध्यावर ०.०५ ओहमचा अडथळा आहे. समोरचे दोन दिवे मिळून आठेक अँपिअर घेतात. तेवढ्यावर तिथे अर्धा व्होल्टही जात नाही. पण स्टार्टर शंभर अँपिअर मागू लागला की त्याच सांध्यावर पाच व्होल्ट खर्ची पडतात. बारापैकी पाच दारातच गेले, तर घरात काय पोचणार?

चाचांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या अधिक खुंटीला लावले, दुसरे इंजिनाच्या अंगाला. जुन्या इंग्रजी मोटारींत अधिक टोकच चासीला जोडलेले असे. साठीच्या दशकात तो रिवाज पालटला. बटण दाबल्यावर काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा होता. तो चारावर गेला. मग एका जाड केबलने त्यांनी इंजिन थेट त्या खुंटीशी जोडले. बटण दाबताच इंजिन गुरगुरले. पुढचे काम तासाभराचे: नवी पट्टी, सांधे घासून चकचकीत, वर व्हॅसलिनचा लेप.

परीक्षा घेतली आरे-वारेच्या रस्त्यावर. डावीकडे समुद्र, उजवीकडे जांभ्याचा सडा. चढाच्या मध्यावर मोटारीला धाप लागली. चाचांनी तिला थांबवून फक्त चावी फिरवली आणि ऐकत राहिले. या मोटारींचा पेट्रोलपंप विजेवर चालतो. चावी फिरवताच तो टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरला की गप्प होतो. मुळीच टिकटिकला नाही, तर त्याच्या पॉइंटांवर काजळी धरली आहे किंवा वीज पोचत नाही. न थांबता भराभर टिकटिकत राहिला, तर टाकी रिकामी आहे किंवा वाटेत कुठेतरी तो हवा ओढतो आहे. आमचा थांबत नव्हता, आणि टाकीत पेट्रोल होते. टाकीकडून येणाऱ्या नळीचा एक सांधा ढिला निघाला. तिथून पेट्रोल गळत नव्हते, हवा आत शिरत होती. म्हणून डोळ्यांना काही दिसले नव्हते. पान्याचा अर्धा फेरा दिला आणि टिकटिक थांबली.

“अख्खी तार बदलायची नाय,” चाचा म्हणाले, “जिथं दोन वस्तू भेटतात, तिथं आधी बघायचं.” आमच्या व्याकरणात संधीचे प्रकरण आरंभीच का असते, हे त्या चढावर उमगले.

वरून समुद्राच्या दोन निळ्या कमानी दिसल्या. अण्णांनी टोपी घट्ट केली आणि चाचांना शेजारी बसवून मोटार स्वतः गणपतीपुळ्यापर्यंत नेली. मी मागून एस. टी.ने गेलो, दोनच आसने होती ना!

ठरल्या दिवशी मुंबईचे गिऱ्हाईक आले. अण्णांनी त्यांना चहा दिला, आंबापोळी दिली, बागेतले दोन नारळही दिले. मोटार दिली नाही.